मोहने केंद्राचे चार टनेल पुन्हा असमान करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
लोकाधार रुग्णसेवा न्यास, मुख्य रुग्णालय,
बाळकुम, ठाणे (पश्चिम)

अर्जदार : साईनाथ पोपट केणे, नेटवर्क तंत्रज्ञ (कंत्राटी), डोंबिवली शाखा

विषय : मोहने केंद्र ते बाळकुम या मार्गावरील चार व्हीपीएन टनेलांचे समसमान वाटप तातडीने रद्द करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला आदेश दि. २५ सप्टेंबर २०२५.
२) माझे अर्ज दि. १० ऑक्टोबर व २७ ऑक्टोबर, आणि स्मरणपत्र दि. ३ नोव्हेंबर. तिन्ही अनुत्तरित, किंवा उत्तर येऊनही अनुत्तरित.

महोदय,

हा अर्ज लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. थोडक्यात लिहिलेल्या तीन अर्जांचे काय झाले ते परिच्छेद ५ मध्ये येईलच.

१. आपल्या मोहने केंद्रात हृदयरोगतज्ज्ञ नाहीत. तिथे सिस्टर कलावती म्हात्रे रुग्णाला ईसीजीच्या तारा लावतात आणि त्याच क्षणी ती रेघ बाळकुमला डॉ. आसावरी देवधर यांच्या पडद्यावर उमटते. ही रेघ इंटरनेटवरून जाते, पण उघडी जात नाही. तिच्यासाठी आपण चार बंदिस्त मार्ग ठेवले आहेत, त्यांनाच टनेल म्हणतात. चार अशासाठी, की आपल्याकडे रस्ता कोण कधी खोदेल आणि कुणाची केबल तोडेल याचा नेम नाही. टनेल क्र. १, २ आणि ३ केबलवरून जातात. क्र. ४ मोबाईल टॉवरवरून जातो, त्यामुळे तो मंद आहे आणि लहरीही. दोन्ही टोकांच्या यंत्रांत चौघांचा दर्जा सारखा लावलेला आहे.

२. दर्जा सारखा असला तरी वापर सारखा होत नसे, आणि तो तसाच बरा होता. एकदा एका रुग्णाची रेघ एका टनेलात शिरली की ती अखेरपर्यंत त्याच टनेलातून जाई. दुसऱ्या कुणाचे काम निघाले तर त्याला दुसरा टनेल मिळे. महिनाअखेर हिशोब मांडला की कुणाला ४७ टक्के, कुणाला २८, कुणाला १६ आणि क्र. ४ ला जेमतेम ९ टक्के काम पडलेले दिसे. सप्टेंबरच्या अंतर्गत तपासणीत नेमक्या याच नऊ टक्क्यांवर लाल शेरा पडला : "साधन पडून आहे."

३. यावर आपण प्रत्येकी २५ टक्के वाटपाचा आदेश काढलात. आपला हेतू मी जाणतो, आणि हे मी तोंडदेखले लिहीत नाही. आपण रुजू होण्यापूर्वी मोहन्याच्या दोन सिस्टरांवर साऱ्या रात्रपाळ्या टाकल्या जात आणि तेव्हाच्या साहेबांच्या ओळखीच्यांना दिवसपाळी मिळे. आपण चक्राकार पाळी लावलीत, ती कुणासाठी मोडली नाहीत. खिडकीजवळची खुर्ची, सणाची सुट्टी, जनरेटरची चावी, सगळे आळीपाळीने. माझी पत्नी हेमा कल्याणच्या केंद्रात आया आहे. चार वर्षांत पहिल्यांदा गेल्या दिवाळीत ती घरी होती. म्हणून हा अर्ज लिहिताना हात जड होतो आहे.

४. पण टनेल थकत नाही, साहेब. त्याला सुट्टी लागत नाही. त्याच्यावर अन्याय होत नाही. हे मी आपला आदेश हातात पडला तेव्हा, २९ सप्टेंबरलाच, सांगायला हवे होते. मला ते कळत होते. तरीही मी यंत्राची मांडणी बदलली : पहिला तुकडा पहिल्या टनेलातून, दुसरा दुसऱ्यातून, तिसरा तिसऱ्यातून, चौथा चौथ्यातून, पुन्हा पहिल्यापासून. एकाच माणसाच्या छातीची रेघ चार वाटांनी. पहिल्याच दोन दिवसांच्या आलेखात चारही खांब एका उंचीचे आले. आपण तो बैठकीत दाखवलात आणि मला अभिनंदनपत्र दिलेत. मी ते घरी भिंतीवर लावले. खोटे कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

५. त्यानंतर जे होऊ लागले ते असे. लग्नाला निघालेल्या एका कुटुंबाला चार रिक्षांत बसवावे आणि एक रिक्षा शहाडच्या पुलावर अडकावी, तसा क्र. ४ चा तुकडा मागे राहतो. बाळकुमचे यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही. उशिरा आलेला तुकडा ते टाकून देते आणि मधली मोकळी जागा सपाट रेघेने जोडते. डॉक्टरांना दिसते ते असे, की हृदय क्षणभर थांबले. ३, ७ आणि ८ ऑक्टोबर, अशा तीन वेळा धडधाकट माणसांना मोहन्याहून रुग्णवाहिकेत घालून बाळकुमला पळवण्यात आले. त्यातले एक गृहस्थ केवळ विम्याच्या दाखल्यासाठी आले होते. मी १० तारखेला अर्ज केला. आपल्या कार्यालयात येणारे टपालही चौघा लिपिकांत आळीपाळीने वाटले जाते. माझा अर्ज वाहन विभागाच्या श्रीमती चित्रा यांच्याकडे गेला आणि त्यासोबतचे आलेख पुढच्या पाळीला, धुलाई विभागाच्या श्री. साकेत यांच्याकडे. श्रीमती चित्रा यांनी "सहपत्रे आढळून येत नाहीत" असे कळवले. श्री. साकेत यांनी "धुलाईबाबत माहिती निरंक" असे कळवले. दुसरा अर्ज उपाहारगृहाकडे गेला. स्मरणपत्र पुन्हा वाहन विभागाकडे गेले आणि तिथून विचारणा आली की मला कोणते वाहन हवे आहे. मोहन्याच्या रेघेचे जे होते तेच माझ्या अर्जांचे झाले. म्हणून हा अर्ज आणि त्याची सहपत्रे मी दाभणाने एकत्र शिवली आहेत.

६. दरम्यान डॉ. देवधर यांनी स्वाभाविकपणे मोहन्याच्या सपाट रेघेवरचा विश्वास सोडला. "मोहन्याची लाईन अशीच आहे" हे बाळकुमच्या कक्षात ठरून गेले. मोहन्याच्या यंत्राला पडदा नाही, म्हणून बाळकुमहून रेघ सपाट असल्याचे कळले की सिस्टर कलावती मला फोन करू लागल्या. मी बी.एस्सी. आयटी आहे. मला नाडी कळत नाही. तरी आठवड्यातून तीन-चार वेळा मी डोंबिवलीत बसून सांगू लागलो की अमुक माणसाचे हृदय ठीक आहे, फक्त चौथा टनेल मंद आहे. आणि माझे बरोबर येत गेले. सलग चौदा वेळा बरोबर आले, हे लिहितानाही भीती वाटते.

७. गुरुवार दि. ६ नोव्हेंबर, सकाळी ११ वाजून २० मिनिटे. रमाबाई, वय ६१, राहणार मोहने, चक्कर येते म्हणून केंद्रात आल्या होत्या. सिस्टरांनी तारा लावल्या, रेघ सपाट झाली, मला फोन आला : "साईनाथ, लाईन आहे का बाई आहे, पटकन सांग." मी पडद्यावर पाहिले. चौथा टनेल रेंगाळत होता. मी म्हणालो, "लाईन आहे, सिस्टर. दोन मिनिटं थांबा." तिकडे डॉ. देवधरही तेच म्हणाल्या. सिस्टर कलावतींनी आम्हा दोघांचेही ऐकले नाही. त्यांनी रमाबाईंचे मनगट धरले, फोन तसाच खाली टाकला आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. मला फोनमधून त्यांचे मोजणे ऐकू येत होते. एकोणतीसपर्यंत मी ऐकले. मग कुणीतरी फोन उचलून बंद केला. रमाबाई वाचल्या. आता त्यांना पेसमेकर बसवला आहे. मोहन्याच्या यंत्रात जी मूळ नोंद साठते आणि मागाहूनच काढून पाहता येते, तीत लाईनचा काही संबंधच नाही, आणि तीतही रेघ सपाट आहे.

८. रविवारी मी त्यांना भेटायला गेलो. मी कोण ते त्यांच्या मुलीने, समीक्षाने, त्यांना सांगितले. त्यांनी मला बसवले, मुलीला चहा करायला लावला आणि विचारले, "माझ्यामुळे तुमची लाईन बिघडली का रे?" मी नाही म्हणालो. ती बिघडवणारा मीच, हे माझ्या तोंडून निघाले नाही. ते आपल्याकडे लेखी निघत आहे. घरी आल्यावर मी अभिनंदनपत्र भिंतीवरून उतरवले.

९. सबब नम्र विनंती की, पूर्वीची मांडणी, म्हणजे एका रुग्णाची रेघ एकाच टनेलातून, पुन्हा लागू करण्यास परवानगी मिळावी. टनेल क्र. ४ चा वापर नऊ टक्के होईल, कदाचित चारच टक्के होईल. बाकीच्या तिघांची केबल तुटेल त्या दिवसासाठी तो उभा आहे, म्हणून त्याला पडून आहे असे म्हणता येणार नाही. कामाला एकच ओळ बदलावी लागते आणि दोन मिनिटे लागतात. परवानगी शक्यतो

१०. वरील वाक्य अर्धे राहिले त्याबद्दल क्षमस्व. आज दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी सिस्टर कलावतींचा फोन आला. टेम्पोचालक, वय ४४, छातीत दुखते आहे, रेघ सपाट. तोच प्रश्न. मी उत्तर दिले नाही. "हात धरून ठेवा, सिस्टर," एवढेच म्हणालो आणि ती ओळ बदलली. ३ वाजून १२ मिनिटांनी बाळकुमहून डॉ. देवधर यांनी कळवले की रेघ सलग येत आहे आणि हृदय ठणठणीत आहे. त्या माणसाला आम्लपित्त होते. म्हणजे या खेपेला लाईनच होती. मी नेहमीचे उत्तर दिले असते तरी ते बरोबरच ठरले असते. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हा परिच्छेद मी उभ्यानेच लिहीत आहे.

११. तरी, परवानगी मागण्यासारखे आता काही उरलेले नाही. मांडणी मी आपल्या आदेशाविरुद्ध बदललेली आहे आणि पुन्हा बदलणार नाही. पुढच्या आलेखात खांब वरखाली येतील. त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी, माझे काही म्हणणे नाही. माझ्या जागी दुसरा तंत्रज्ञ नेमून वाटप पुन्हा समसमान करावे असे आपण ठरवलेत तर तोही आपला अधिकार आहे. तेव्हा मात्र एक करावे. मोहन्यात ईसीजीच्या यंत्रावर "रेघ सपाट आल्यास विचारा" असे लिहून खाली माझा मोबाईल क्रमांक चिकटवलेला आहे. त्या जागी आपला लावावा. फोन उचलायला फार वेळ नसतो, आणि सिस्टर एकदाच विचारतात.

आपला, कारवाई होईपर्यंत सेवेत असलेला,

साईनाथ पोपट केणे
डोंबिवली (पूर्व)
दि. १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४ वाजता

सोबत (अर्जालाच शिवलेले) :
१) रमाबाईंच्या रेघेच्या दोन प्रती : मोहन्यात नोंदलेली आणि बाळकुमला दिसलेली.
२) मी फोनवरून दिलेल्या पंधरा उत्तरांची तारीखवार यादी. पंधराव्यावर खूण केली आहे.
३) चिकट कागद, कोरा, एक.