गाडीखालची बाजू

क्वार्ट्झसाइट,
बुधवार, १४ जानेवारी

प्रिय वेंडल,

आज सकाळी एलिसेओनं नक्की करून सांगितलं: माझ्या गाडीचा, ट्रकमागं ओढायच्या या घराचा, डावीकडचा पुढचा हँगर, पाटा धरून ठेवणारा तो लोखंडी कान, चासीपासून सुटत आलाय. तडा जुना आहे. तारेच्या ब्रशनं घासून, टॉर्च धरून, मला गाडीखाली झोपवून त्यानं तो दाखवला. म्हणजे ऐकीव काही लिहीत नाहीये.

बाकी मी बरी आहे. तूही बरा असशील. गुडघा काय म्हणतो? इथं पहाटे पाण्याची नळी गोठते आणि दुपारी बाह्या वर कराव्या लागतात, नेहमीसारखंच. यंदा वाळवंटात गर्दी जास्त आहे, नवे लोक बरेच. डॉटचा कुत्रा गेला. तिनं लगेच दुसरा आणला आणि त्याला पहिल्याचंच नाव ठेवलं. म्हणाली, "माझी जीभ आता नवीन काही शिकायची नाही." हा पहिल्यापेक्षा बिनडोक आहे, पण डॉटला चालतो.

फोन केला नाही, कारण फोनवर तू दोनदा "हं" म्हणतोस आणि तुझ्या ट्रकच्या डिझेल फिल्टरवर येतोस. पत्राला मध्ये तोडता येत नाही. डॉट उद्या तुमच्या बाऊसला जातेय, तिच्याच हाती देते.

तर टायरपासून सुरुवात करते, कारण कळलं ते टायरमुळेच.

मे महिन्यात मी वर डोंगरात, शो लोला, गेले तेव्हा डावीकडचा पुढचा टायर आतल्या कडेनं पार गुळगुळीत झाला होता. बाहेरची कड नव्यासारखी. तिथल्या टायरवाल्यानं माझ्याकडे बघून, गाडीकडे बघून म्हटलं, "आजी, हवा कमी ठेवताय." मी रोज सकाळी हवा बघते हे तुला माहीत आहे. पण वाद घातला नाही. नवा टायर घातला. ऑक्टोबरात खाली आले तर नवाही तसाच, आतल्या कडेनं, एका खेपेत. तेव्हा माझी खात्री झाली की दुखणं टायरमध्ये नाही. टायर फक्त बोंब मारतोय.

एलिसेओनं आल्या आल्या टायरकडे बघितलंसुद्धा नाही. टेप काढली. एक टोक मला गाडीच्या नाकाशी, ट्रकच्या जबड्यात बसणाऱ्या पिनपाशी धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन तो मागे गेला. पिनपासून डाव्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं, मग उजव्या. परत डाव्या. मग टेप खिशात टाकून चाकापाशी उकिडवा बसला.

"काय रे?"

"बाई, तुमचं डावं चाक पुढं आलंय. जवळजवळ इंचभर."

"म्हणजे एक्सल वाकलाय?"

"एक्सल सरळ आहे. एक्सलला ज्यानं धरून ठेवायचं तो ढिला झालाय." आणि तो खाली शिरला.

एकोणीस वर्षं आपली वाटणी होती, वेंडल. गाडी ट्रकला जोडायची तू, आणि जोडणी तपासायची मी. जबडा पिनभोवती पुरता मिटलाय का, पुढचे पाय वर गेलेत का, गाडी सुटलीच तर ब्रेक लावणारी तार अडकवलीय का, मागचे दिवे लागतात का. एकानं करायचं, दुसऱ्यानं बघायचं, आणि "बघितलं" असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय चाक हलवायचं नाही. तुझाच नियम. पण हे सगळं वरचं. खालचं, म्हणजे पाटे, हँगर, ब्रेकच्या वायरी, बेअरिंगचं ग्रीस, ते एकट्या तुझं. तिथं तपासायला दुसरं कुणी नव्हतं. मी कधी विचारलंही नाही. तू खालून आलास, हात पुसलेस आणि "ठणठणीत" म्हणालास की मी स्वयंपाकघराची कपाटं लावायला घ्यायची.

आज पहिल्यांदा मी खाली गेले. इतकी माती असते तिथं, मला कल्पना नव्हती.

एलिसेओ पाठीवर पडूनच म्हणाला, "बाई, इथं रंग कुणी मारलाय?"

"कसला रंग?"

"काळा. चकाकणारा, डब्यातला फवारा. अख्ख्या चासीचा रंग मळकट आहे आणि हाताएवढीच जागा चकाकतेय." मग त्यानं बोट लावून दाखवलं. त्या चकाकीतून गंजाचा एक ओघळ आला होता, कपबशीवर चहाचा येतो तसा. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं आणि ढलपी निघाली. रंगाखाली पुट्टी होती. लोखंडाच्या तड्यात पुट्टी भरून, घासून गुळगुळीत करून वर रंग.

मी काय म्हणाले सांगते. मी म्हणाले, "आधीच्या मालकानं केलं असेल."

एलिसेओ म्हणाला, "आधीचा मालक कोण, बाई? गाडी तुम्ही नवीकोरी घेतलीत ना?"

म्हणजे मी तुझी बाजू घेतली. विचार करायच्या आत, तोंडातून आपोआप निघालं. इतक्या वर्षांची सवय.

मग तो म्हणाला, "घासलंय मात्र सुरेख. इतकं सुरेख घासणारा इथं एकच माणूस." आणि लगेच, "मी काही बोललो नाही हं." त्याला वेल्डिंग तू शिकवलंस. तुझ्याबद्दल वाईट बोलायला तो माणूस तयार नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तडा कसा पडला ते मला ठाऊक आहे. तुलाही. तीन हिवाळ्यांपूर्वी तुला ती जुनी खाण बघायची होती आणि मी म्हणत होते की त्या ओढ्यातून ही एवढी गाडी घालू नकोस, वळसा घेऊ. तू घातलीस, आणि वेगानं घातलीस. आतली सगळी काचेची भांडी फुटली. तू खाली वाकून बघितलंस आणि म्हणालास, "काही झालेलं नाही, तू उगाच किंचाळतेस." मी तुझ्या आईची भांडी केराच्या पिशवीत भरत होते. तेव्हा कदाचित काही दिसलंही नसेल. एवढी सवलत मी तुला देते.

पण एप्रिलमध्ये दिसलं.

एप्रिलमध्ये आपण वेगळे झालो, ट्रक तुझा आणि गाडी माझी असं ठरलं, आणि जायच्या आदल्या दिवशी तू स्वतःहून म्हणालास, "तुझ्या ताब्यात देण्याआधी खालून सगळं एकदा बघून देतो." दिवसभर तू खाली होतास. मी तुला बीन्स आणि मक्याचा पाव करून दिला, तो तू गाडीच्या पायरीवर बसून खाल्लास. मला वाटलं, शेवट तरी माणसासारखा होतोय. डॉटलाही मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "बघ, शेवटी सभ्य निघाला." संध्याकाळी तू हात धुतलेस आणि तुझा तो शब्द म्हणालास. ठणठणीत.

मी त्या दिवशी रडले होते, तुला माहीत नाही. तू इतकं करतोयस म्हणून.

कारण काय असेल ते मी दिवसभर शोधतेय. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? एलिसेओला बोलावलं असतं, अर्ध्या दिवसाचं काम. फार तर तुला म्हणाले असते, "मी तेव्हाच सांगत होते." हे एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून तू पुट्टी भरलीस? दुसरं काही सुचत नाही. सुचलं तर तू सांग.

इथपर्यंत लिहून मी चहा केला, परत बसले. पुढचं लिहायचं नव्हतं. पण त्याशिवाय पत्राला अर्थ नाही.

मे महिन्यात मी तुला फोन केला होता. हेजलच्या शाळेला सुट्टी लागली होती, तिला फीनिक्सहून घेऊन मी वर निघणार होते. तो जुना ट्रक घेऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि वाटेत सॉल्ट नदीचा घाट. तिकडून नदीपर्यंत उतार, मग तेवढाच चढ, आणि बाजूला दरी. मी तुला विचारलं, "मी एकटी असते तर विचारलं नसतं. पोर बरोबर आहे. गाडी घाटात न्यायला ठीक आहे ना?"

तू "हं" म्हणालास. मग थोडा थांबलास. मला वाटलं तू घाट आठवतोयस.

मग म्हणालास, "जा बिनधास्त. उतारावर गिअर खालचा ठेव, ब्रेकवर बसू नकोस."

आणि मग डिझेल फिल्टर.

घाटात हेजल घाबरली. खिडकीतून खाली बघून म्हणाली, "आजी, मागची गाडी आपल्याला ढकलणार तर नाही ना?" मी तिला म्हटलं, "आजोबांनी तपासलीय ती." ती लगेच निवांत झाली. चिप्स खाल्ले, गाणी म्हटली, नदीवर थांबून दगड गोळा केले. नऊ वर्षांच्या पोरीला मी तुझ्या नावावर शांत केलं, आणि मागे तो हँगर पुट्टीवर लटकत होता. एलिसेओला मी विचारलं, उतारावर सुटला असता तर काय झालं असतं. तो म्हणाला, "बाई, नाही ना सुटला? मग कशाला?" मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "चाक आडवं झालं असतं. गाडी ट्रकला ओढत कडेला घेऊन गेली असती." आणि मग माझ्याकडे न बघता हत्यारं पेटीत भरायला लागला.

तू ओढ्यात गाडी घातलीस, ते मी विसरले असते. पुट्टीसुद्धा, वेंडल, एखाद दिवशी कदाचित. पण तू फोनवर थांबला होतास. तेवढ्या वेळात तू काय आठवत होतास, ते मला आज कळलं.

आणखी एक. ऑक्टोबरात दुसरा टायर घासलेला दिसला तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. तुला बोलवायला कारण मिळालं म्हणून. डिसेंबरभर मी ते कारण जपून ठेवलं होतं, कधी फोन करावा याचा विचार करत. शेवटी डॉटनं झापलं: "अगं, टायर दाखवायचाय की तोंड? एलिसेओला बोलव." बोलावला. हे तुला कळायची काही गरज नव्हती, पण आता लपवून मला काय मिळणार आहे?

आता शनिवारचं.

दरवर्षीसारखा तुझा वर्ग आहे, नवीन गाड्या घेतलेल्यांसाठी. डॉटनं चिठ्ठी लावलीय, बावीस नावं आलीत. तू येऊन त्यांना सांगणार की दुरुस्ती केली की रंग मारायच्या आधी दुसऱ्या माणसाला दाखवा. मग एकेकाला गाडीखाली झोपवणार आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोलायला लावणार. डॉट मला विचारायला आली होती, "यंदा गाडी कुणाची घेऊ? तुझी नको असेल तर समजू शकते मी." मी म्हटलं, माझीच घे.

एलिसेओ शुक्रवारी वेल्डिंग करून द्यायला तयार होता. मी त्याला सोमवारी ये म्हटलं. त्याला ते आवडलेलं नाही. "बाई, हे बरं नाही करत तुम्ही," म्हणाला. पण चासीखाली जाड ठोकळे आणि चार जॅक लावून गेलाय, गाडी कुठेही हलायची नाही, खाली शिरणाऱ्याला धोका नाही. पुट्टी सगळी खरवडलीय. तडा स्वच्छ दिसतो, कुणालाही दिसेल.

तू आला नाहीस तर वर्ग एलिसेओ घेईल, आणि तो तुझं नाव काढणार नाही. मीही नाही. लोक म्हणतील गुडघा दुखत असेल. तेवढा रस्ता तुला मोकळा आहे, म्हणूनच पत्र आधी पाठवतेय.

पण आलास तर हे माहीत असू दे. शुक्रवारी रात्री हेजल येतेय, तिची आई सोडून जाणार आहे. तिला वर्गाचं कळलंय आणि तिनं डॉटच्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव लावायला सांगितलंय, सगळ्यांत वर. तिला सगळ्यांच्या आधी आजोबांबरोबर गाडीखाली जायचंय. मी तिला काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ती खाली जाईल, तिला तडा दिसेल, आणि तुझ्याच नियमानं ती तो मोठ्यानं सांगेल. मग विचारेल, हा कधीपासून आहे. तिचे प्रश्न तुला माहीत आहेत, एकावर थांबत नाही ती.

उत्तर तू दे. मला पत्रानं नको, फोनवर तर नकोच. तिला दे. मी पायरीवर बसलेली असेन, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

शनिवारी सकाळी नऊला सुरू करायचं आहे. गाडीखाली जुना गालिचा अंथरून ठेवते, दोघांपुरता.

ग्लेंडा