चेंबर कोणी फोडलं

अण्णा,

ट्रॅक्टरचं ते चेंबर तुमच्या लेकाने, माझ्या धाकट्या भावाने फोडलं होतं, हे आता निरगुडसरच्या लोकांना कळलंय. मी त्याच्याच तोंडून वदवून घेतलं, तुमच्या गॅरेजात, हार घातलेल्या तुमच्या फोटोखाली उभं करून. आज लाइट गेलीये, वेल्डिंग बंद आहे, म्हणून खोडदच्या माझ्या दुकानात बसून तुम्हाला लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, आता तरी राग सोड. मी सोडला नाही. उलट वाढलाय, कारण आता भांडायला तुम्हीच उरला नाहीत.

मला आयटीआयने कमी आणि तुम्ही जास्त शिकवलंत, हे मी मनातल्या मनात मानते. बोल्टचं डोकं झिजलेलं दिसलं की हात आवर, म्हणायचात. आधी तारेच्या ब्रशने घास, तेल सोड, मुरू दे. मग बारा कोनी पान्याला हात लावू नकोस, तो कोपऱ्यांवरच धरतो आणि उरलेले कोपरेही खातो. सहा कोनी गोटी घे, ती टोपणासारखी डोक्यावर बसते आणि सपाट बाजू धरते. सैल लागली तर एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसव. तीही फिरली आणि जवळपास तेल-डिझेल नसेल, तर डोक्यावर नट ठेवून वेल्ड मार, तापल्यावर आटे आपोआप ढिले होतात. छन्नी अगदी शेवटी, आणि बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या भागावर तर कधीच नाही. "बीड वाकत न्हाई पोरी, फुटतं." हे तुमचं वाक्य मी आजही रोज कोणाला ना कोणाला ऐकवते. तुमचं नाव मात्र सांगत नाही.

आणि मग तो दिवस. कांद्याच्या लागणीची घाई, गावातले एक बागायतदार ट्रॅक्टरचं ऑइल बदलायला आलेले. मी पलीकडे पंप खोलून बसलेय. धाकटा ट्रॅक्टरखाली शिरलाय, हातात स्क्रू पाना. इंजिनाखालच्या बिडाच्या तेल-चेंबरचा बोल्ट गोल होतोय हे मला आवाजावरूनच कळतं. मी म्हणते, "थांब, गोटी देते." तो छन्नी उचलतो. एक दणका, दुसरा, आणि चेंबरला तडा जाऊन काळं तेल फरशीवर पसरतं. तुम्ही धावत येता. त्याच्या हातातली छन्नी तुम्ही बघता. तुम्ही ती बघितलीत हे मी बघितलं, अण्णा. तेवढ्यात बागायतदार आत येतात, "काय झालं ओ?" आणि तुम्ही माझ्याकडे बोट करता. "पोरीनं फोडलं. बाईच्या हाताला लोखंड कळत न्हाई, भाऊ. माझंच चुकलं, हिला आत घेतली."

मी तोंड उघडलं तर म्हणालात, "गप. घरी जा. आईच्या हाताखाली लाग." धाकटा फडक्याने हात पुसत उभा राहिला. त्याच वर्षी तुम्ही माझं लग्न उरकलंत, आणि सासरच्यांना बजावलंत की हिला यंत्राला हात लावू देऊ नका, मोडून ठेवते.

माझ्या नवऱ्याने ऐकलं नाही, हे माझं नशीब. खोडदला त्याच्या शेताच्या कडेला, रस्त्यालगत, पत्र्याची शेड टाकून मी काम सुरू केलं. तुम्ही बाजारात भेटेल त्याला सांगत राहिलात, तिकडं जाऊ नका. तुमच्या गावात मला चेंबरवाली म्हणायचे. लग्नकार्यात, पंगतीत, तुमच्यासमोर म्हणायचे आणि तुम्ही हसायचात. माझ्या शेडमध्ये पाय न ठेवता गेलात.

यंदा ऊसतोडीच्या दिवसांत धाकट्याचा फोन आला. "आक्का, चाकाचा बोल्ट लई गोल झालाय. हब बिडाचा हाय, मला भ्या वाटतंय. उसाची ट्रॉली भरून उभी हाय. तू ये." मी पेटी स्कूटरवर बांधली आणि तुमच्या गॅरेजात गेले. ट्रॅक्टर त्याच बागायतदारांचा. आता म्हातारे झालेत, खुर्चीत बसले होते. मला बघून हसले, "आली का चेंबरवाली!"

मी पेटी उघडलीच नाही. तिच्यावर बसले. धाकट्याला म्हटलं, "आधी ह्यांना सांग, चेंबर कोणी फोडलं."

"आक्का, आता कशाला? अण्णा गेले."

"ते असते तर परत माझंच नाव घेतलं असतं. सांग."

ड्रायव्हर, दोन गिऱ्हाइकं, सगळे बघत होते. म्हातारे म्हणाले, "काय म्हणती रं ही?"

धाकटा तुमच्या फोटोखाली उभा राहून जमिनीकडे बघत म्हणाला, "मी फोडलं व्हतं. छन्नी माझ्या हातात व्हती. आक्का नको म्हणत व्हती."

"आन् तुझ्या बापाला ठावं व्हतं?"

"व्हतं."

म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "लई वाईट केलं राव त्यानं," म्हणाले. हे तुमच्याबद्दल होतं, अण्णा. तुमच्या गॅरेजात, तुमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून. ते शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होते.

आई रडली. "देवाघरच्या माणसाची गावात अब्रू घालवलीस," म्हणाली. मी म्हटलं, "माझी घालवली तेव्हा तू काय केलंस?" ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिच्याशी तेवढं कडक बोलायला नको होतं. तुमच्याशी याहून कडक बोलायला हवं होतं, ते राहून गेलं.

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीये, चुलीत जाईल. पण एक गोष्ट धाकट्याला माहीत नाही, ती तुम्हाला सांगते. तो बोल्ट इतका काही गोल झाला नव्हता. नेहमीची गोटी एका झटक्यात धरणार, हे मला दारातूनच दिसलं होतं. तरी त्याने सगळं कबूल केल्यावरही मी उगीच घासत बसले, तेल सोडत बसले, आणि ऊन कलेपर्यंत त्याला त्या लोकांच्या नजरेसमोर ताटकळत ठेवलं. नंतर याचं वाईट वाटेल म्हणून वाट बघितली. अजून वाटलेलं नाही.