जोडीदार जबाबदार

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून सातवी ‘क’च्या पीटीला माझी नवी योजना : जोडीदार जबाबदार. दोघादोघांची जोडी. एक थांबला की दुसऱ्याला दोन राऊंड जादा. नुसत्या उड्या मारून काय होतंय, व्हॅल्यूज रुजल्या पाहिजेत! बाटली, दप्तर, सगळं वर्गात. ग्राउंडवर हात मोकळे. उद्यापासून मीही रोज पाच राऊंड पळणार. शिक्षकाने आधी करून दाखवावं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
गुडघा कुरकुरतोय. राऊंड सोमवारपासून.
गेटवर चिमणीची आई भेटली. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी, नाव मीच ठेवलंय. त्यांनी हातात चिठ्ठी कोंबली, सर, तेवढी वाचा म्हणाल्या. हल्लीच्या पालकांचे एकेक लाड! घंटा झाली होती. या वहीत खूण म्हणून ठेवलीय, वाचेन सावकाश.

१० फेब्रुवारी, मंगळवार
योजना झकास! कुणी म्हणून थांबत नाही. मी आता खुर्चीतूनच शिट्टी वाजवतो. सारखं लक्ष ठेवलं तर मुलं जबाबदार कधी व्हायची? चिमणी मागे पडत होती. तिच्या जोडीला उंच ताडमाड पोरगी दिलीय, तिने हाताला धरून ओढत राऊंड पूर्ण करवला. भरून आलं मला. मुख्याध्यापिकाबाईंना रिपोर्ट द्यायचाय.
माझे राऊंड : बूट शिवायला टाकलेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
तिसऱ्या राऊंडला चिमणी पडली. ओठ निळे. मी खुर्चीतून उठेपर्यंत ताडमाडने तिला उभं केलं होतं, चल, एकच राहिलाय म्हणत होती. चिमणी नुसती दप्तर, दप्तर करत होती. एक मूल जागचं हललं नाही. दप्तर ग्राउंडवर आणायचं नसतं.
बाकी नंतर लिहितो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
चिमणी हॉस्पिटलात, मशीनवर. शुद्ध नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, तिला दमा आहे हे ठाऊक होतं का. म्हटलं, मला कुणी चकार शब्द बोललं नाही. कामाच्या रगाड्यात सगळं कुठे लक्षात राहतं?
बायकोने विचारलं, चेहरा का उतरलाय. गुडघा, म्हटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
ताडमाडने आपणहून लिहून दिलं : चूक माझी आहे, मी तिला थांबू दिलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद फाइलला लावला, आता प्रकरण वाढणार नाही म्हणाल्या. मला आधी काय वाटलं असेल? योजना रुजली! लाज वाटते लिहायला, पण वाटलं खरं.
आत्ता वही उघडली तर चिठ्ठी पायाशी पडली. वाचली. चार ओळी. पळाली की तिची छाती भरते, पंप दप्तरात असतो, तेवढा ग्राउंडवर जवळ राहू द्या, उपकार होतील.
उद्या पहिल्या तासाआधी मुख्याध्यापिकाबाईंना दाखवणार. नक्की.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
बाई मीटिंगमध्ये होत्या. मग माझा तास होता. मग त्या घरी गेल्या.
शाळा सुटल्यावर ताडमाड ग्राउंडवर एकटीच पळत होती. विचारलं, हे काय गं. म्हणाली, जोडीदार थांबली ना सर, माझे दोन राऊंड बाकी आहेत. ते झाले की ती बरी होईल ना?
मी हो म्हणालो. चिठ्ठी खिशातच होती.