टोक वर हवे

माघ वद्य पंचमी, दिवेलागण

आज राहवले नाही. विहिरीजवळची कुंडी उकरलीच.

ह्यांनी आगबोटीवरून आणलेले टुलिपचे तीन कांदे. दसऱ्याला परत बोटीवर जाण्याआधी स्वतःच्या हाताने लावून गेले. "टोक वर हवे, आणि कुंडी थंड जागी ठेव," म्हणाले. विलायतेतले फूल ते! रत्नागिरीत थंडी कुठून आणू मी? रोज कुंडी सावलीत सरकवते, विहिरीचे पाणी शिंपडते. आणखी काय करायचे होते?

दिवाळीनंतर ह्यांचे पत्र नाही. बोट कंपनीच्या मुंबईच्या कचेरीकडूनही उत्तर नाही. सासूबाई पत्राचे विचारतच नाहीत. रोज सकाळी एवढेच, "काय गो, आला काय कोंब?" मी म्हणते, "अजून वेळ आहे, आई."

पहिला कांदा हाताला लागला तो मऊ, कुजक्या वासाचा. दुसरा, तिसराही तसाच. पण तिन्हींची टोके खाली होती! ह्यांनी वर ठेवली होती, मी शेजारीच उभी होते. घरात आम्ही दोघीच. म्हणजे सासूबाईंनी आधीच उकरून पाहिले? कधी? आणि तरी रोज विचारतात?

कांदे तसेच ठेवले, टोके खालीच. माती सारखी केली. उठते तो मागे सासूबाई, हातात पाण्याचा तांब्या. माझ्या मातीने भरलेल्या हातांकडे त्यांनी पाहिले.

"काय गो, आला काय कोंब?"

"अजून वेळ आहे, आई."

त्यांनी कुंडीत पाणी घातले.