उत्तर पाठवू नये

सोमवार, ११ नोव्हेंबर
ग्रंथालय, मागची खोली

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरा असशील असं धरून चालते. गुडघे कुरकुरतात, पण कामाला येतात. इथे थंडी पडायला लागली आहे. तिकडेही असेल तर स्वेटर घालत जा, तुझं पडसं एकदा आलं की मुक्काम ठोकतं.

चार वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि स्वेटरवर आले, बघ.

कामाचं सांगते, ते सोपं आहे. आमच्या ग्रंथालयात आता सगळं संगणकावर चढतंय. जुनी वर्तमानपत्रं, नकाशे, हस्तलिखितं, एकेक पान स्कॅन करायचं, त्याला नाव द्यायचं, विषय द्यायचा. सत्तावीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करतेय, त्यामुळे तेवढं जमलं. पण दोन वर्षांपूर्वी ग्रंथपालबाईंच्या मनात आलं की कर्मचाऱ्यांनी कोडिंगसुद्धा शिकावं. मी तेव्हा बावन्नची. शेजारी बसलेला आमचा बाइंडर माझ्याहून मोठा. तो म्हणाला, "बाई, चष्म्याचा नंबर शोधायचं वय आपलं, आता कुठे मुळाक्षरं गिरवायची?"

गिरवली. आणि पहिल्याच महिन्यात मी प्रताप केला. ज्यांच्याकडे पुस्तकं राहिली आहेत त्यांना दर सोमवारी नऊ वाजता आठवण पाठवायची, असा प्रोग्राम मला लिहायचा होता. मी लहान-मोठ्याचं चिन्ह उलटं टाकलं. वेळेत पुस्तकं देणाऱ्या चारशे बारा सभ्य माणसांना बोलणी बसली आणि बुडवे मजेत राहिले. एक निवृत्त शिक्षिका काउंटरवर येऊन म्हणाल्या, "आयुष्यात कुणाचं पेनसुद्धा ठेवून घेतलं नाही हो मी!" त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, तरी अर्धा तास हलल्या नाहीत.

तेव्हा बाईंनी ठरवलं, आधी एका खोट्या सभासदावर तपासायचं. मी खोटा सभासद केला, त्याच्या नावावर एक पुस्तक टाकलं. ईमेलचा पत्ता हवा होता. तुझ्या ऑफिसचा पाठ होता, तो टाकला. नंतर तो काढायचा राहून गेला.

म्हणून तुला दर सोमवारी ते मेल येत होते. 'आपल्याकडील पुस्तक परत करावे. या पत्त्यावर उत्तर पाठवू नये, ते वाचले जात नाही.' मजकूर माझाच.

आज नऊला आलं नसेल. मी थांबवलं.

झालं असं, की जुनं सॉफ्टवेअर जाऊन नवीन येतंय. त्या न वाचायच्या पत्त्यावर काय साचलंय ते बघून सगळं रिकामं कर, असं मला शुक्रवारी सांगितलं. उघडलं. बहुतेक यंत्रांनीच पाठवलेली उत्तरं, 'मी रजेवर आहे' छापाची. आणि मध्ये मध्ये तुझं नाव. एक्काहत्तर वेळा.

जेवणाचा डबा तसाच राहिला. मी सगळी वाचली.

पहिल्यात तू रागावलेला आहेस. 'माझ्याकडे तुमचं कोणतंही पुस्तक नाही.' तिसऱ्यात लिहिलंस, 'ठके, ही तूच ना? बाकी जग "करा" म्हणतं, "करावे" फक्त तू म्हणतेस.' मला हसू आलं. पुढे तू नुसतं सांगतच गेलास. दाढ काढली. वहिनी लेकीकडे गेली आणि नातवाच्या शाळेपायी तिथेच राहिली. एका रविवारी दिवसभर कुणाशी एक शब्द बोलला नव्हतास, तर आवाज आहे का गेला ते बघायला खिडकीतून दूधवाल्याला उगाच हाक मारलीस, आणि तो वर आल्यावर त्याला काय सांगावं तुला सुचेना. हे वाचून मी संगणकासमोर रडले. असले रविवार मलाही माहीत आहेत, दादा.

एका मेलमध्ये होतं, 'इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहायला बरं वाटतं. पण वाचत असशील तर एवढंच सांग. बाबांनी माझं नाव घेतलं होतं का?'

हा प्रश्न सात वेळा आहे. शेवटचा पंधरा दिवसांपूर्वीचा. 'तीस नोव्हेंबरला निवृत्त होतोय. हा पत्ता बंद होईल. यापुढे विचारणार नाही.' खाली नवीन घराचा पत्ता. त्याच पत्त्यावर हे पाठवते आहे. ऑफिसात चारचौघांत बसून वाचण्यासारखं हे नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुझा पत्ता काढायचा राहून गेला नव्हता. मी राहू दिला. मेल गेलं की पडद्यावर एक ओळ येते, 'निरोप पोहोचला'. सोमवारी खांद्यावरची पर्स न काढता मी आधी ती ओळ बघायची. कोडिंग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, पोहोचला म्हणजे फक्त जाऊन पडला, माणसाने वाचला असं नव्हे. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती ओळ आली म्हणजे तू आहेस, धडधाकट आहेस, खुर्चीत बसून चहा पितोयस, असं मी ठरवून टाकलं होतं. बाइंडर मे महिन्यात निवृत्त झाला. घरी बोलायला भिंती. आठवडाभर मी त्या एका ओळीवर काढायची.

आणि ते 'उत्तर पाठवू नये'सुद्धा मीच मुद्दाम घातलं. तू उत्तर दिलं नाहीस, तर त्या वाक्यामुळे दिलं नाहीस, असं मला स्वतःला सांगता यावं म्हणून. तू मात्र लहानपणापासून उलट्या खोपडीचा. नको म्हटलं की करणार.

आता तुझा प्रश्न.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात, त्या बुधवारी तू फोन केलास. "येऊ का?" म्हणालास. मी म्हटलं, "नको, बरे आहेत. उगाच धावपळ करू नकोस." बरे नव्हते. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की दोन-तीन दिवस. मला माहीत होतं आणि तरी मी नको म्हटलं. आणि बाबा गेल्यावर, तू दारात उभा असताना, मी सगळ्यांदेखत तुलाच म्हणाले, "यायचं असतं तर न विचारता आला असतास." चोराच्या उलट्या बोंबा. तू तशीच बॅग उचलून परत गेलास.

का, ते सांगते. नऊ वर्षं मी त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं, धुतलं. माझं नाव ते घ्यायचे ते उशी सरकवायला. तुझा फोन आला की मात्र चेहरा उजळायचा. तू आला असतास तर शेवटचे दिवस तुझे झाले असते. मला ते माझे हवे होते. इतका मत्सर होता मला तुझा.

माझे कुठे झाले ते दिवस? बाबा दाराकडे बघत होते.

घेतलं, दादा. तुझंच नाव घेतलं. बुधवारी दुपारपासून. "निघाला का?" मी म्हणायची, "निघालाय बाबा." "कुठवर आला?" "येतोच आहे." गुरुवारी संध्याकाळी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जरा पडतो. थोरला आला की मला उठव."

मी हो म्हटलं.

तुला येऊ न देणारी,
ठकी