सुयांची पावती

गुरुजी, मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, आणि चारचौघांत मी आजवर तुमच्याबद्दल चांगलंच बोलत आले. तुम्ही मला अक्षर दिलंत, पहिला टाक दिलात, पोरीला शाळेत कशाला घालता म्हणणाऱ्यांना आमच्या अंगणात येऊन गप्प केलंत, हे सगळं मी लोकांना सांगते. जे सांगत नाही ते इथं लिहिते आहे. काल नातीनं माझा हात हातात घेऊन विचारलं, "आजी, हे गोंदण असं वाकडं कसं गं?" तेव्हापासून डोकं तापलंय ते उतरत नाही.

तुम्हाला आमची आई आठवत असली तर मोखाड्याकडची ती गोंदणारी बाई, एवढीच आठवत असेल. आसपासच्या पाड्यांतल्या बहुतेक पोरींचे हात तिच्या हाताखालून गेलेले. तीन सुया दोऱ्यानं आवळून बांबूच्या मुठीत बसवलेल्या, दिव्यावर खापर धरून काढलेलं काजळ करवंटीत पाल्याच्या रसात कालवलेलं, आणि चुलीपुढची सारवलेली जागा, एवढाच तिचा पसारा. पोर रडायला लागली की आई गाणं म्हणायची, आणि गाणं संपेपर्यंत तिचा हात सोडायची नाही. मग वर हळद. आमच्यात म्हणतात, सोनंनाणं इथंच उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. वर गेल्यावर आई लेकीला त्यावरूनच ओळखते. माझ्यासाठी आईनं आमच्या घरची खूण राखून ठेवली होती, मधे एक उभी रेघ आणि दोन्ही अंगांना ठिपके. तिच्या आईनं तिला काढलेली. मी घाई केली की म्हणायची, "अजून हात कवळा हाय तुझा. आणखी दोन होळ्या जाऊं दे."

जव्हारचं संस्थान विलीन झालं त्यानंतरची ही गोष्ट. राजाचा अंमल जाऊन सरकारचा आला, आणि तुम्ही खालून, ठाण्याकडून, आमच्या शाळेवर आलात. त्या उन्हाळ्यात जव्हारला डोंगरातल्या लोकांच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं होतं आणि कोणी मोठे साहेब ते बघायला यायचे होते. तुम्ही आमच्या घरी आलात, चुलीशेजारी बसलात, नागलीची भाकरी कौतुकानं खाल्लीत आणि आईकडे तिच्या सुया विकत मागितल्यात. आई म्हणाली, नव्या बांधून देते. तुम्हाला नव्या नको होत्या. वापरून काळ्या झालेल्याच हव्या होत्या. आता जुन्या सुया विकणं आमच्यात काही वावगं नव्हतं. एक गोंदणारीण आपल्या जुन्या सुया दुसरीला विकते आणि स्वतःसाठी नव्या बांधते. पण विकताना त्याच सुयांनी घेणाऱ्याच्या मनगटावर एक ठिपका काढायचा. ती आमची पावती. ठिपका न काढता सुया घराबाहेर गेल्या तर विकणारीचा हात अडकला. मग तिनं पुन्हा सुई धरायची नाही.

तुम्ही तुमची पावती करायला बसलात. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, आणि ते तुमचं मोत्यासारखं अक्षर. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलंत: वापरलेल्या सुयांचा एक जुडगा, बांबूची मूठ, काजळाची करवंटी, राजीखुशीनं विकली, यापुढे त्यावर माझा हक्क नाही. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तुम्ही तिच्या अंगठ्याला शाई लावलीत, तिनं लावू दिली. मग तिनं काजळाची करवंटी पुढं ओढली आणि म्हणाली, "आता तुमचा हात द्या, गुरुजी."

तुम्ही हसलात. कशाला म्हणून विचारलंत. तिनं सांगितलं. तुम्हाला समजेना म्हणून मीही सांगितलं, तुम्हीच शिकवलेल्या शुद्ध भाषेत. तेव्हा लहान पोर कडू औषध बघून हात लपवतं तसा तुम्ही हात पाठीमागं नेलात. "अहो बाई, कागद झाला ना! कागदापेक्षा पक्कं काही असतं का?" आणि माझ्याकडे वळून दरडावलंत, "शाळेत येतेस आणि असलं खूळ डोक्यात ठेवतेस? पालथ्या घड्यावर पाणी!" तुम्ही तिच्या बोटाला काळं लावलंत तो कायदा, आणि तिनं तुमच्या मनगटाला लावायचं म्हटलं ते खूळ. हा न्याय कुठल्या पुस्तकात होता, गुरुजी? पैसे तुम्ही रोख दिलेत, त्यात खोट काढणार नाही. तिला फसवावं असंही तुमच्या मनात नव्हतं, आणि त्याचाच संताप येतो. लबाड माणसाला शिव्या देऊन मोकळं तरी होता येतं.

तुम्ही टेकाड उतरत होतात तेव्हा मी आईला म्हटलं, पळत जाऊन सुया परत आणते. ती म्हणाली, "आता कसां? अंगठा दिला. सरकारचा कागद हाय तो." म्हणजे तुमची पावती तिनं मानली. तिची पावती तुम्ही मानली नाहीत.

त्यानंतर आमच्या अंगणात पोरी यायच्या, आई त्यांना पाणी द्यायची आणि परत पाठवायची. काही दिवसांनी पोरी यायच्या बंद झाल्या, मोखाड्याच्या बाजारात बसणाऱ्या बायकांकडे जाऊ लागल्या. मला कोणी तिकडे ने म्हटलं की आई खवळायची. "माझ्या लेकीला परका हात नको." मी तुम्हाला शाळेत विचारलं होतं, प्रदर्शनातल्या सुया परत मिळतील का. तुम्ही म्हणालात, सगळं सामान वरच्या कचेरीत गेलं, आता कुठं असेल कोण जाणे. दोन होळ्या गेल्या. आणखीही गेल्या. माझं लग्न झालं, साखरशेतला नांदायला गेले, आणि हळद उतरवताना सासूनं माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "गोंदणारणीची पोर, आणि कोरीच धाडली?" बायका हसल्या. मी काय सांगणार होते, की माझं गोंदण सरकारी कागदाखाली दबलंय?

तोवर तुमची बदली जव्हारला झाली होती. एकदा माहेरी गेले तेव्हा आईनं मला लाकडी डबी दिली, आत काजळ. म्हणाली, "सुईनं नको म्हणत असतील तर नको. नुसतं बोटानं लाव. लेकीनं लावलां तरी चालंल, काजळ तेवढं आपल्या घरचं." आयुष्यभर सुईच्या टोकाला जपणारी बाई बोटावर आली होती, गुरुजी. मी ती डबी घेऊन तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही मला बघून खूश झालात, घरात चहा टाकायला सांगितलंत, माझं अक्षर तसंच आहे का ते लिहवून घेऊन पाहिलंत. मग मी डबी उघडली. तुमचा चेहरा पडला. "अजून तेच? अगं, मी हे मनगट घेऊन वर्गात जाऊ?" मी म्हटलं, धुतलं की जाईल. तुम्ही म्हणालात, "प्रश्न धुण्याचा नाही, तत्त्वाचा आहे." आणि मग तुम्हाला मोठी युक्ती सुचली. तुम्ही कागद घेतलात आणि लिहिलंत की सदर बाईंनी पुन्हा गोंदण्याचं काम करण्यास माझी काहीएक हरकत नाही. खाली झोकदार सही. आग लागलीय कुठं आणि पाणी ओतताय कुठं!

आईला मी तो कागद वाचून दाखवला. तिनं तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला. "ह्याला मनगट कुठं हाय?" एवढंच म्हणाली. संध्याकाळी तिनं दिवा लावला, तुमचा कागद तेलात भिजवून वातीसारखा वळला, पेटवला आणि वर खापर धरलं. जे काजळ जमलं ते त्याच डबीत भरलं. "त्याचांच त्याला लागंल," म्हणाली.

नंतरच्या थंडीत तुम्ही आजारी असल्याचं साखरशेतला कळलं. मी डबी घेऊन निघाले. खरं सांगते, तुमच्या तब्येतीसाठी निघाले नव्हते. जव्हारला तुमच्या घरी पोचले तर अंगणात माणसं उभी, बांबू बांधायचं चाललेलं. आत तुम्हाला निजवलेलं. तुमचा उजवा हात चादरीबाहेर राहिला होता, बोटांना अजून शाईचे डाग. मी शेजारी बसले. बायका समजल्या, पाया पडायला आली असेल. मी डबीत बोट घातलं आणि तुमच्या मनगटावर टेकवलं. हळूच नाही, चांगलं दाबून. मग चादर ओढून हात झाकला. तुमच्या बाईंनी विचारलं, "तू कोण गं?"

तशीच माहेरी गेले. आई दारातच होती. तिनं एवढंच विचारलं, "लावलास?" मी म्हटलं, लावला. "हात मागं नाय घेतला?" मी म्हटलं, नाही घेतला. ते अगदी खरं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं नव्या सुया बांधल्या, उरलेलं काजळ कालवलं आणि माझा हात मांडीवर घेतला. पण तिचा हात विसरला होता, गुरुजी. रेघ मधेच थरथरली, एका अंगाचे ठिपके खाली घसरले. गाणंसुद्धा तिला अर्धंच आठवलं. नात म्हणते ते वाकडं गोंदण हे. ते वाकडं आहे कारण तुम्हाला एक ठिपका जड झाला.

तुम्ही गेल्याचं मी तिला हाताची खपली पडल्यावर सांगितलं. मला वाटलं, रागावेल. तिनं चुलीत दोन काटक्या सारल्या आणि म्हणाली, "मंग तर पक्कां झालां. संगं घेऊन गेला तो." आणि तिनं तुम्हाला माफ करून टाकलं. मी नाही केलं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा तेही इथंच लिहून ठेवते.

फक्त एक राहिलं. तुमच्या बाईंनी मला कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी इतकी रडत होते की मला उत्तर देता आलं नाही. आणि ते रडणं आईसाठी नव्हतं.