'काहीही' नावाचा पदार्थ

तीर्थस्वरूप ताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे, तेव्हा अक्षर गोड मानून घ्यावं. पट्टीची हकिकत पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात जिना चढताना कट्कन आवाज येतो असं लिहिलं होतंत. आवाज उतरतानाही येतो का, ते कळवावं. आमच्या डेपोतला फोरमन म्हणतो, फक्त चढताना आवाज येत असेल तर घाबरायचं कारण नाही. (तो बसगाड्यांबद्दल बोलत होता, पण माणूस अनुभवी आहे.) साडूभाऊंचा खोकला एव्हाना थांबला असेलच, नसेल तर त्यांना म्हणावं, आता पुरे. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की, या आठवड्यात माझी मती गुंग झाली आहे आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. डेपोत सांगावं तर ड्रायव्हर मंडळी वर्षभर चिडवतील. तुम्ही तिला झबल्यात पाहिलेली सख्खी बहीण. तुम्ही हसलात तरी घरातल्या घरात. तर तुम्हाला ठाऊकच आहे की गेली एकोणीस वर्षं मी डेपोत ड्यूट्या लावतो. चौऱ्याऐंशी गाड्या, पावणेतीनशे माणसं. कुणाला पहाटेची पाळी झेपत नाही, कुणाची मुलगी आजारी, एका ड्रायव्हरला बारा नंबरचा मार्ग नको कारण त्या रस्त्यावर त्याची सासुरवाडी आहे आणि सासरे स्टॉपवर येऊन उभे राहतात. हे सगळं डोक्यात ठेवून रोज दुपारी चारच्या ठोक्याला मी उद्याचा तक्ता फळ्यावर लावतो. त्यामुळे आमच्या घरात ठरवण्याचं जे काही काम आहे ते मी करतो आणि बाकीचं किरकोळ बाकीचे बघतात, असा माझा समज होता. ('होता' खाली मी रेघ मारली आहे, ती चुकून पडलेली नाही.)

सोमवारी संध्याकाळी मी घरी येऊन हातपाय धुतले. तुमची बहीण दवाखान्याच्या खिडकीवर दिवसभर केसपेपर काढून माझ्या आधी अर्धा तास घरी आली होती आणि ओट्याशी उभी होती. तिने विचारलं, आज काय करू? मी म्हटलं, काहीही कर. (गेली तेवीस वर्षं मी हेच म्हणत आलो आहे, आणि खरं सांगतो ताई, माझी अशी समजूत होती की असं म्हणणं हा माझा मोठेपणा आहे. नवरा असावा तर असा, खाण्याची कटकट नाही.) ती म्हणाली, कोबी करते. मी म्हटलं, कोबी? अगं, परवाच तर झाला. झालं! तिने सुरी खाली ठेवली. हात पुसले. चिडली असती तर मी निभावून नेलं असतं, आमच्याकडे युनियनची माणसं रोज चिडतात. पण ती अगदी शांतपणे म्हणाली, "हे बघा, काहीही हे कुठल्या पदार्थाचं नाव नाही. उद्यापासून काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. रांधीन मी. ठरवणार तुम्ही." मी हसलो. मला वाटलं, पावणेतीनशे माणसं हाकणाऱ्याला चार ताटं म्हणजे काय, डाव्या हातचा मळ. मी तिथल्या तिथे महिनाभराचा विडा उचलला. सोमवारी कोबीच खाल्ला. चांगला झाला होता, हेही इथे नोंदवतो.

मंगळवारी डेपोत जेवणाच्या सुट्टीतच मी ठरवून टाकलं: हरभरे. पौष्टिक, पोटभरीचे, सगळ्यांना चालणारे. घरी येऊन मी हुकूम सोडला. तिने विचारलं, भिजवलेत? मी म्हटलं, कुणी? ती म्हणाली, ज्याने ठरवलं त्याने. तेव्हा मला कळलं की हरभरे आठ तास भिजावे लागतात. म्हणजे मंगळवारचं रात्रीचं जेवण मंगळवारी ठरतच नाही, ते सोमवारी रात्री ठरतं! ताई, मी ओट्याला टेकून उभा राहिलो. म्हणजे ज्या ज्या दिवशी मी हरभरे खाल्ले, त्याच्या आदल्या रात्री मी अंथरुणावर पसरलेला असताना कुणीतरी उठून ते पाण्यात घातले होते. किती वेळा, याचा हिशोब मी मनात करायला घेतला आणि सोडून दिला. पण माघार घ्यायची नाही हा माझा स्वभाव (तुम्हाला लग्नाच्या वेळी दिसलाच होता). मी म्हटलं, तसेच घाल कुकरमध्ये, शिट्ट्या जास्त कर. तिने घातले. सतरा शिट्ट्या झाल्या. ताटात आले तेव्हा हरभरे बाहेरून मऊ दिसत होते. दिसतं तसं नसतं. आमच्या वडिलांनी पहिलाच घास घेतला आणि त्यांची खालची कवळी मधोमध तडकली. बाबा काही बोलले नाहीत, कारण बोलता येत नव्हतं.

बुधवारी मी शहाणा झालो. ऑफिसचा छापील ड्यूटी-फॉर्म घेऊन सात दिवसांचा तक्ता केला, 'मार्ग'च्या रकान्यात पदार्थ, 'वेळ'च्या रकान्यात साडेसात, खाली शेरा आणि माझी सही. घरी येऊन तो फ्रिजच्या दारावर चिकटवला. बुधवार: बटाटे. दार उघडलं तर बटाटे नाहीत. दुपारी आमच्या लेकीच्या तीन मैत्रिणी अभ्यासाला आल्या होत्या आणि अभ्यासाला बटाटे लागतात असं दिसतं. आता डेपोत गाडी बंद पडली तर आमच्याकडे दोन स्पेअर उभ्या असतात. मी स्पेअर म्हणून अंड्यांचा डबा उघडला. अंडी दोन, माणसं चार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी गाजरं सापडली, आणि बाबांना चावायला नको म्हणून ती किसायला मी स्वतः बसलो. तिसऱ्या गाजराला किसणीने माझी दोन बोटं गाजरात धरली. (हीच ती पट्टी.)

पट्टी बांधताना मी तिला म्हटलं, बाई, हरलो. फक्त एकदा दाखव, तू असतीस तर कसं ठरवलं असतंस? तिने फ्रिजचं दार उघडलं. मनातल्या मनात दहा मोजून होतील एवढाच वेळ उभी राहिली आणि दार लावलं. म्हणाली, पालक, मऊ भात, आणि दोन अंडी लेकीला. मी म्हटलं, का? आणि मग ताई, तिने जे सांगितलं ते मी शब्दाशब्दाने लक्षात ठेवलं आहे. पालक आज नाही खाल्ला तर उद्या टाकावा लागेल, भोपळा कापलेला असला तरी शनिवारपर्यंत राहतो. बाबांची कवळी दुरुस्त होऊन उद्या येणार, तोवर चावायचं काही नको. लेकीची परवा परीक्षा आहे आणि परीक्षेच्या आधी ती जड खाल्लं की ओकते, दुसरीपासूनची सवय आहे. काल सतरा शिट्ट्या झाल्यामुळे सिलिंडर हलका लागतोय, फार वेळ शिजणारं नको. आणि तुम्ही आज कॅन्टीनमध्ये तळलेलं खाल्लंत, तेव्हा तेल कमी. मी विचारलं, तुला काय माहीत? तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं. तिथे एक तेलाचा डाग होता, बाजरीच्या दाण्याएवढा.

दहा सेकंद, ताई! मी तिथेच स्टुलावर बसलो. मला उद्याचा तक्ता करायला तीन तास, दोन कारकून आणि चार कप चहा लागतो, शिवाय तक्ता चुकला तर माणसं माझ्यापाशी येऊन भांडतात म्हणून चूक कळते तरी. हिचा तक्ता तेवीस वर्षं कधी चुकला नाही, म्हणून तो आहे हेच कुणाला कळलं नाही. कवळी, परीक्षा, पालक, सिलिंडर, माझा शर्ट, सगळं एका डोक्यात, आणि वर दिवसभर खिडकीवर रांगेतल्या लोकांची बोलणी खायची. मी अनेक वरिष्ठ पाहिले आहेत, ज्यांना गाडीतून उतरताना लोक दार उघडून देतात असेही पाहिले आहेत. पण एवढा दबदबा मला कुणाचा वाटला नव्हता. तुमच्या आईवडिलांनी ही मुलगी आम्हाला दिली आणि आम्ही तिला कोबीवरून बोललो! मला खरोखर लाज वाटली. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, लाज नंतर, आधी पालक निवडा. (पालक निवडताना काय निवडायचं असतं, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. मी बहुधा उलटं ठेवलं.)

काल, म्हणजे गुरुवारी, मी नवा तक्ता केला. आधी पदार्थ नाही, आधी प्रवासी, हे तत्त्व मला बुधवारी सापडलं होतं. चार रकाने आखले: बाबा, लेक, मी, ती. बाबांचा रकाना भरला: मऊ, गरम, साडेसातच्या आत, वांगं नको. लेकीचा भरला. माझा तर पानाच्या मागच्या बाजूलाही गेला (मी खाण्याची कटकट नसलेला माणूस आहे, हे वर लिहिलंच आहे). चौथा रकाना भरायला पेन टेकवलं आणि ते टेकलेलंच राहिलं. मी पुष्कळ आठवलं. ती जेवताना मी रोज समोर असतो, पण माझं लक्ष कुठे असतं कोण जाणे. बाबांना विचारलं, ते म्हणाले, सूनबाईला सगळं आवडतं. लेकीला विचारलं. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, आई ना? आई उरलेलं खाते.

आमच्या वेळापत्रकात सगळ्या गाड्या असतात, त्या कुठून किती वाजता सुटतात ते असतं, फक्त डेपोचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं. तो असतोच, असं धरून चाललेलं असतं. असो. मी काही पंडित नाही, आणि गाडी धुणाऱ्यांची पाळी आज मलाच बघायची आहे, तेव्हा आवरतं घेतो. आजचं जेवण मी ठरवलं आहे, काळजी नसावी. गुडघ्याला शेक द्यावा, जिना कमी चढावा. साडूभाऊंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र लिहिण्यात दुसरा काही हेतू नाही.

आपला,
ड्यूट्या लावणारा मेहुणा

ता.क. दुसरा हेतू आहे. तिला काय आवडतं हो? तुम्ही दोघी एका ताटात जेवून वाढलात, तुम्हाला नक्की ठाऊक असणार. पुढच्या गुरुवारी ते तिच्या पुढ्यात, तिच्या आधी कुणालाही न वाढता, गरम असताना ठेवायचं असं मी ठरवलं आहे. भिजवायचं असेल तर किती तास, तेही कृपा करून लिहावं. तिला सरळ विचारायला मला तोंड नाही. तेवीस वर्षांनी कसं विचारायचं?

ता.क. २. उत्तर डेपोच्या पत्त्यावर पाठवा. तिला या पत्राचा सुगावासुद्धा लागता कामा नये. फोन करणार होतो, पण तुम्ही दोघी फोनवर बोलता तेव्हा तासाभरात काहीही गुप्त राहत नाही असा अनुभव आहे. घरात तिकिटं कुठे असतात ते तिलाच माहीत आणि टपालपेटी दवाखान्याशेजारीच आहे, म्हणून पाकीट तिच्याकडेच देतो आहे. पण घट्ट चिकटवून.

ता.क. ३. ताई, मी लिहितेय. पाकीट जाड लागलं, तिकीट किती लावायचं ते कळेना म्हणून उघडून बघितलं. (चिकटवलंही धड नव्हतं. डिंक आतल्या बाजूला.) सगळं वाचलं. खिडकीवर रांग होती, तरी दोनदा वाचलं. आता तुला खरं सांगते, सकाळपासून मीही आठवतेय की मला काय आवडतं, आणि मला काही केल्या आठवेना. लहानपणी काहीतरी होतं बघ, मी त्यासाठी पाटावर आधी येऊन बसायचे आणि तू चिडवायचीस. ते काय होतं? तुला आठवत असलं तर यांच्या आधी मला कळव. यांनी निघताना चप्पल घालता घालता मला शेवटी विचारलंच, तुला काय आवडतं म्हणून. मला पटकन काही सुचेना, मी म्हटलं, काहीही.